रेगेन्सबुर्गचा थुर्न उंट टाक्सिस राजवाडा: जमीनजुमल्यात रस असेल तर चुकवू नका

जर्मनीच्या बाव्हेरिया राज्यात राजवाडा बघायचा म्हटलं की सगळे नॉयश्वानश्टाइनकडे धावतात. तो देखणा आहेच, पण तो सरकारी, त्यात कुणी नांदत नाही. रेगेन्सबुर्गचा वाडा अजून थुर्न उंट टाक्सिस घराण्याच्याच मालकीचा आहे. स्टेशनातून निघून जुन्या गावाकडे चालू लागलं की दहा मिनिटांत येतो.

मी पारनेर तालुक्यात तलाठी होतो. सातबारा, फेरफार आणि वारसनोंदी यांतच नोकरी सरली. न्यूरेंबर्गला मुलगी-जावयाकडे आलो तेव्हा जावयाने विचारलं, "बाबा, काय बघायचंय?" मी म्हटलं, इथला एखादा जमीनदार दाखवा. त्यांनी इथे आणलं, आणि याहून चांगली निवड झाली नसती.

वाडा आतून गाइडबरोबरच बघावा लागतो आणि फोटो काढायला मनाई आहे. आमची फेरी जर्मन भाषेत होती, मुलगी हळू आवाजात सांगत होती. तिकीट स्वस्त नाही, पण वसूल होतं. मुळात हा सेंट एमेराम नावाचा मठ. त्याच्या चौकाभोवतीची दगडी ओवरी अकराव्या ते चौदाव्या शतकात टप्प्याटप्प्याने बांधली गेली. एका बाजूच्या कमानी साध्या, जाडजूड. पुढे गेलं की त्याच कमानी उंच आणि टोकदार होत जातात, छताच्या दगडी फासळ्या नाजूक होतात. एकाच ओवरीत तीन-चारशे वर्षांचे गवंडी भेटतात. मी तिथे इतका रेंगाळलो की गाइडबाई थांबून हसल्या. पुढचं नृत्यदालन, सिंहासनाची खोली, संगमरवरी जिना हे सगळं झगमगीत आहे. दालनातली बरीच सजावट घराण्याच्या फ्रांकफुर्टच्या वाड्यातून काढून इथे बसवली आहे. सोनेरी नक्षीची आवड असणाऱ्यांना तेच जास्त भावेल. माझं मन त्यात फार रमलं नाही.

माझं लक्ष होतं ते मिळकत आली कुठून याकडे. हे घराणं टपालवाल्यांचं. १४९० मध्ये पुढे सम्राट झालेल्या मॅक्सिमिलियनसाठी त्यांनी घोड्यांची डाक सुरू केली आणि पुढे पिढ्यानपिढ्या युरोपभर टपाल चालवलं. बाव्हेरियाने टपाल स्वतःकडे घेतलं, तेव्हा भरपाई म्हणून १८१२ मध्ये हा मठ आणि डोनाउस्टाउफ, व्योर्थ इथल्या जहागिरी दिल्या. उरलेलं टपाल १८६७ मध्ये प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याने तीस लाख थालर (तिथली जुनी चांदीची नाणी) मोजून घेतलं. म्हणजे हातातला धंदा गेला, पण प्रत्येक वेळी बदल्यात काहीतरी पदरात पडलं. आमच्याकडच्या कित्येक वतनदारांना हे जमलं नाही.

जर्मनीच्या १९१९ च्या राज्यघटनेने सरदारकीचे विशेषाधिकार संपवले. पदव्या कायद्याने आडनावाचा भाग झाल्या, लोक मात्र अजूनही 'फ्युर्स्ट' म्हणजे राजे म्हणतात. १९२६ मध्ये राजघराण्यांची मालमत्ता विनामोबदला काढून घ्यावी म्हणून सार्वमत झालं, ते पुरेशा मतांअभावी पडलं. पूर्व जर्मनीत १९४५ नंतर शंभर हेक्टरवरच्या जमिनी गेल्या. बाव्हेरियात तसं झालं नाही. त्यामुळे आजचे मालक आल्बर्ट यांच्याकडे सुमारे वीस हजार हेक्टर जंगल आहे, म्हणजे जवळपास पन्नास हजार एकर. महाराष्ट्रात कोरडवाहू जमिनीची कमाल मर्यादा चोपन्न एकर, आणि खाजगी वनं १९७५ च्या कायद्याने सरकारजमा झाली. हा आकडा ऐकून मी मुलीला दोनदा विचारलं, हेक्टरच ना?

आल्बर्ट यांचा जन्म १९८३ चा. वडील योहानेस १९९० मध्ये गेले तेव्हा पोरगा सात वर्षांचा, त्याच्या पाठीशी दोन थोरल्या बहिणी. कर्ज डोक्यावर आणि वारसाकर समोर. आई ग्लोरिया यांनी कारभार हाती घेतला. १९९३ मध्ये याच वाड्यात सदबीज या लिलाव कंपनीने घरातल्या चीजवस्तूंचा लिलाव केला. मौल्यवान वस्तूंचा एक भाग बाव्हेरिया राज्याने कराच्या बदल्यात घेतला, त्याचं संग्रहालय इथल्याच जुन्या पागेत १९९८ साली उघडलं. १९९६ मध्ये बिअरचा कारखानाही विकला. जंगल मात्र टिकवलं. मला या बाईंचं फार कौतुक वाटलं. दागिने, चांदी, कारखाना जाऊ दिला, पण जमीन एकत्र ठेवली. आपल्याकडे इस्टेट ड्युटी म्हणजे वारसाकर १९८५ मध्येच रद्द झाला, तरी भावाभावांत वाटण्या होऊन गुंठ्यांवर आलेली शेतं मी आयुष्यभर नोंदवली. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे, पण तुकडे थांबले नाहीत.

आल्बर्ट मोटार शर्यतींतही उतरले. २०१० मध्ये जर्मनीची जीटी मास्टर्स स्पर्धा त्यांनी जिंकली. जावई याच गोष्टीवर खूश होता.

वाडा बघून घरी जाऊ नका. जवळच्या डोनाउस्टाउफकडे जा. तिथलं वालहाल्ला नावाचं संगमरवरी स्मारक सगळे बघतात, तुम्ही त्या बाजूच्या जंगलवाटांनी चाला. बाव्हेरियाच्या राज्यघटनेत कलम १४१ आहे: जंगल कुणाचंही असो, त्यात फिरण्याचा आणि बेताने रानमेवा, अळंबी वेचण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. जमीनदार कितीही मोठा असला तरी पायी माणसाला अडवू शकत नाही. कुंपणावरून डोकी फुटताना मी पाहिली आहेत, म्हणून हे कलम मला फार मोलाचं वाटतं. वाटेच्या कडेला स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचे ओंडके रचलेले होते, प्रत्येकाच्या कापलेल्या तोंडावर रंगाने खुणा आणि आकडे. वास ताज्या राळेचा. कडेला शिकारीचं लाकडी मचाणही दिसलं. इथे शिकारीचा हक्क जमिनीला जोडलेला असतो. रानडुकरांनी शेजाऱ्याचं पीक उकरलं, तर शेतकऱ्याने आठवड्याच्या आत स्थानिक कार्यालयात कळवायचं, आणि भरपाई बहुतेक वेळा शिकारीचा हक्क असणाऱ्याच्या गळ्यात. मक्याच्या नुकसानीचे पंचनामे करून पैशासाठी वनखात्याकडे फेऱ्या मारणारे शेतकरी माझ्या डोळ्यांसमोर आले.

एक गोष्ट मात्र आपल्याकडची सरस. इथलं जमिनीचं दप्तर न्यायालयात असतं आणि रास्त कारण दाखवल्याशिवाय कुणाला बघू देत नाहीत. आपला सातबारा कुणीही मोबाइलवर उघडतो. हे जावयाला सांगताना मला अभिमान वाटला.

लहान मुलं असतील तर पागेतल्या जुन्या बग्ग्या आणि घसरगाड्या आधी दाखवा. गुडघे दुखत असतील तर जिन्यांची तयारी ठेवा. शेजारच्या सेंट एमेराम चर्चलाही जा, आतलं काम आझाम बंधू या अठराव्या शतकातल्या नामवंत कलाकारांचं आहे. पाचपैकी साडेचार. जंगलाची फेरी जोडलीत तर माझ्याकडून पूर्ण पाच.