फुल्टनला दोनच मिनिटं?

मुलाने जर्सी सिटीत घर घेतल्यापासून दर उन्हाळ्यात आमची इकडे वारी असते. यंदा सुनेने माझ्यासाठी नदीपलीकडच्या न्यूयॉर्कमधल्या लोअर मॅनहॅटनची चालत फिरायची टूर बुक केली. विषय, अमेरिकेची पहिली ४० वर्षं. माणशी ३० डॉलर, अडीच तास, आम्ही ११ जण आणि माहिती सांगायला शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई. मी २६ वर्षं ट्रान्सपोर्ट कंपनीत कारकुनी केली. त्यातली बरीच मुलुंडच्या जकात नाक्यावर, गाड्यांच्या रांगेत पावतीची वाट बघत गेली. तेव्हा राज्याचा कर कुठे संपतो आणि देशाचा व्यापार कुठे सुरू होतो, हा माझा जुना दुखरा विषय.

सुरुवात फेडरल हॉलपासून. पहिला राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनने ३० एप्रिल १७८९ रोजी शपथ घेतली ती ही इमारत नव्हे, हे बाईंनी आधीच सांगून टाकलं. ती १८१२ मध्ये पाडली. आजची खांबांची इमारत १८४२ची, तीही कस्टम हाऊस म्हणून बांधलेली. या प्रामाणिकपणाला पूर्ण मार्क. शपथ देणारा चॅन्सेलर, म्हणजे न्यूयॉर्कचा वरिष्ठ न्यायाधीश, रॉबर्ट लिव्हिंगस्टन हे नाव लक्षात ठेवा, असंही त्या म्हणाल्या आणि पुढे तासभर त्याचा विषयच काढला नाही.

कारण अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन! ट्रिनिटी चर्चच्या आवारात त्याच्या थडग्यापाशी फोटोंसाठी २० मिनिटं गेली. त्याच आवारात वाफेच्या बोटीवाला रॉबर्ट फुल्टन लिव्हिंगस्टन घराण्याच्या तळघरात पुरलेला आहे. त्याच्या स्मारकाला मोजून दोन मिनिटं. मला राहवलं नाही. म्हटलं, बाई, आम्ही सकाळी जर्सी सिटीच्या पॉलस हुक धक्क्यावरून फेरीने नदी ओलांडून आलो, त्या पाण्यावरचं भांडण तरी सांगा.

बाई एकदम खुलल्या. बाकावर बसल्या आणि टूरमधली सगळ्यात छान २५ मिनिटं तिथे झाली. न्यूयॉर्क राज्याने आपल्या पाण्यात वाफेच्या बोटी चालवायचा मक्ता लिव्हिंगस्टन आणि फुल्टनला देऊन टाकला होता. दुसऱ्या कुणाची बोट आली तर जप्त. न्यू जर्सीने चिडून उलट जप्तीचा कायदा केला. म्हणजे एकाच देशात दोन शेजारी राज्यं एकमेकांच्या बोटी ओढायला तयार! न्यू जर्सीचा माजी गव्हर्नर एरन ऑग्डेन याने मक्तेदारांकडून परवाना विकत घेतला आणि एलिझाबेथटाऊन ते न्यूयॉर्क फेरी चालवली. त्याचा एकेकाळचा भागीदार थॉमस गिबन्स १७९३च्या केंद्रीय कायद्याखालचा किनारी वाहतुकीचा परवाना घेऊन समोर उभा राहिला. त्याच्या ‘बेलोना’ बोटीचा कप्तान होता तरुण कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट, पुढचा रेल्वेसम्राट. दोघांचं वैर इतकं की गिबन्स एकदा चाबूक घेऊन ऑग्डेनच्या दारात गेला होता.

न्यूयॉर्कच्या कोर्टांत ऑग्डेन जिंकला. २ मार्च १८२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात मात्र हरला. सरन्यायाधीश जॉन मार्शलचं म्हणणं असं, की व्यापार म्हणजे नुसती खरेदी-विक्री नव्हे, ये-जा आणि जलवाहतूकही त्यात आली. राज्याराज्यांमधल्या व्यापारावरचा काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा, अधिकार राज्याच्या वेशीपाशी थांबत नाही, आणि केंद्राच्या कायद्याशी राज्याचा कायदा भिडला तर राज्याचा पडतो. दक्षिणेतल्या गुलाममालकांना या निकालाने घाम फुटला, हेही बाईंनी सांगितलं. आज बोटींवर अधिकार, उद्या माणसांच्या खरेदी-विक्रीवर आला तर?

मला मुलुंड आठवलं. आपल्या राज्यघटनेतही कलम ३०१ आहे, देशभर व्यापार आणि दळणवळण मुक्त. तरी मुंबईची जकात सुटायला १ जुलै २०१७ उजाडला, जीएसटी आल्यावर. मार्शलसाहेब आमच्या रांगेत एक रात्र उभे राहायला हवे होते.

आता तक्रारी. कानात घालायचं यंत्र ब्रॉडवेवर निम्मा वेळ खरखरतं. अडीच तासांत स्वच्छतागृहासाठी एकदाच थांबा, आमच्या वयाला हे बरं नाही. सावली कमी, पाणी आपलं आपण न्यायचं. गुडघे दुखत असतील तर बसायच्या जागा आधी विचारून घ्या.

पाचातले चार तारे. कापलेला एक त्या २० मिनिटांच्या फोटोंचा. बुकिंग करताना ‘काही विशेष आवड?’ असा रकाना असतो, सुनेने तो मोकळा सोडला होता. तुम्ही त्यात वाफेच्या बोटींचा खटला असं लिहा.