आठ महिने, दोन लिपो आणि ३० अँपियरचा ईएससी

दसऱ्याला माझ्या रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानाचं पहिलं उड्डाण केलं. आता मैदानावर चिखल झालाय, म्हणून लिहायला सवड मिळाली. विमान फोमचं, वरच्या पंखाचं ट्रेनर, म्हणजे शिकाऊंसाठीचं. त्यात ३ सेलची २२०० एमएएच (मिलिअँपियर-तास) लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी, असे दोन पॅक, आणि ३० अँपियरचा ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर.

ईएससीबद्दल फारशी तक्रार नाही. थ्रॉटल कॅलिब्रेट करायला, म्हणजे रिमोटवरच्या वेगाच्या दांडीची दोन टोकं त्याला शिकवायला, दोन मिनिटं लागतात (प्रॉपेलर काढूनच करा, माझ्या अंगठ्यावर अजून व्रण आहे). ९ इंची (९ बाय ६) प्रॉपेलरला वॉटमीटरवर पूर्ण थ्रॉटलला २२ अँपियर दिसले, १० इंचीला २९. ३० च्या इतक्या काठावर उडवायचं धाडस झालं नाही, परत ९ इंची लावला. पॅकवर २५ सी लिहिलंय, म्हणजे क्षमतेच्या २५ पट, हिशोबाने ५५ अँपियर. त्या आकड्यावर फार विसंबू नका.

खरा धडा कटऑफने दिला, म्हणजे बॅटरीचे व्होल्ट ठरावीक आकड्याखाली गेले की मोटर आवरणाऱ्या ईएससीतल्या सोयीने. मला वाटायचं, बॅटरी संपत आली की ईएससी मोटरची ताकद आपोआप कमी करेल, मग आरामात उतरवू. पहिले तीन महिने मी तसाच उडवत राहिलो. एके रविवारी विमान उतरवून पॅक हातात घेतला तर एका बाजूने मऊ लागला. फुगीर. बॅलन्स लीडला (प्रत्येक सेलचे व्होल्ट वेगळे मोजता येणारी बारीक वायर) चेकर लावला : ३.६२, ३.६०, ३.२१. हे मोटर बंद झाल्यावर सावरलेले आकडे, हवेत तिसरा सेल याहून बराच खाली गेला असणार. एकूण १०.४३ व्होल्ट. आणि माझा कटऑफ होता ९ व्होल्टवर, सेलमागे ३.

चूक ईएससीची नाही. त्याला बॅटरीच्या दोन जाड ताराच दिसतात. एक सेल मरत असला आणि बाकीचे दोन ओझं वाहत असले, तर त्याच्या लेखी सगळं आलबेल. बॅलन्सची बारीक वायर त्याच्याकडे जातच नाही.

तेव्हापासून ट्रान्समीटरवर टायमर लावतो. माझ्या सरासरी वापराला ७ मिनिटांत साधारण १७५० एमएएच, म्हणजे ८० टक्के, जातात. मी साडेसहाला उतरतो. सोसायटीतली पोरं ‘काका, अजून एक राउंड’ म्हणून ओरडतात, ओरडू देतो. चार्जरने पॅकमध्ये परत किती भरलं ते दर वेळी वहीत टिपतो, टायमर खरा की खोटा ते त्यावरून कळतं. कटऑफ सेलमागे ३.२ वर नेलाय, पण तो आता फक्त शेवटचा आधार.

चार सर्वोंना (विमानाचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) ईएससीतला साधा बीईसी, म्हणजे त्यांना ५ व्होल्ट पुरवणारा भाग, पुरेल असं वाटलं होतं. उन्हाळ्यात तो हात लावता येणार नाही इतका तापला : ३ सेलच्या ११-१२ व्होल्टचे ५ करताना उरलेलं सगळं उष्णता होतं. वेगळा स्विचिंग बीईसी घेतला, ईएससीच्या प्लगमधली लाल (जुन्या बीईसीचे ५ व्होल्ट आणणारी) तार काढून तिला टेप लावली. प्रश्न मिटला.

फुगलेला पॅक गाडीच्या १२ व्होल्टच्या बल्बवर पूर्ण रिकामा करून ई-कचऱ्यात दिला. दुसरा सध्या सेलमागे ३.८ व्होल्टवर, गॅलरीतल्या मातीच्या कुंडीत, आग लागलीच तर पसरू नये म्हणून, झाकण घालून ठेवलाय. बायकोला वाटलं त्यात तुळस लावणार आहे.