कपाटातली रोख की दुसऱ्या बँकेतलं खातं?

१२ एप्रिल २०२५ हा दिवस या विषयासाठी फार सोयीचा आहे. शनिवार होता, हनुमान जयंती होती आणि भर दिवसा यूपीआय काही तास आडवं पडलं. महिन्यातला दुसरा शनिवार, म्हणून बँका बंद. पुढे रविवार, सोमवारी आंबेडकर जयंती. म्हणजे काउंटरवरून पैसे काढायचे तर थेट मंगळवार उजाडणार. एटीएम चालू होती, त्यामुळे कुणी उपाशी राहिलं नाही. पण तेव्हापासून ओळखीतल्या बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारायला सुरुवात केली: अडीनडीला घरात थोडी रोख ठेवावी, की दुसऱ्या बँकेत वेगळं खातं उघडून त्यात पैसे टाकून द्यावेत?

माझ्याकडे दोन्ही आहे. दोन्हींचा अनुभव घेतल्यावर माझा कल एका बाजूला झुकला आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. तुमची परिस्थिती वेगळी असेल तर उत्तरही वेगळं निघू शकतं, एवढं मात्र आधीच मान्य करतो.

आधी एक घोळ मिटवू. ‘कार्ड चालेना’ म्हणतो तेव्हा दुखणं प्रत्येक वेळी एकच नसतं. एप्रिलमध्ये झालं ते सगळ्यांचंच झालं. काही बँकांच्या यंत्रणा ‘व्यवहार पूर्ण झाला का’ असं पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या आणि त्या विचारणांखाली मधली यंत्रणा दबली. असलं दुखणं काही तासांत उतरतं. त्यासाठी खिशात दोनतीनशे रुपये असले की भागतं, एवढी चर्चा करायचीही गरज नाही.

दुसरं दुखणं म्हणजे फक्त तुमचीच बँक बंद पडणं, आणि महाराष्ट्राला हे नवीन नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा पहिली मर्यादा होती एका खात्यातून १,००० रुपये, तीही सहा महिन्यांसाठी. ती टप्प्याटप्प्यानं वाढत लाखावर जायला पुढचं वर्ष उजाडलं. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये परवानाच गेला. मधली सगळी वर्षं ठेवीदारांनी मोर्चे काढण्यात आणि अर्ज लिहिण्यात घालवली. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेतून तर सुरुवातीला एक रुपयाही काढता येत नव्हता. दोन आठवड्यांनी २५,००० ची सोय झाली. ३१ जुलै २०२४ ला कारण वेगळंच होतं. लहान बँकांना तांत्रिक सेवा देणाऱ्या एका कंपनीवर सायबर हल्ला झाला आणि खबरदारी म्हणून देशभरातल्या सुमारे ३०० लहान बँकांना पेमेंटच्या जाळ्यातून काही काळ बाजूला काढावं लागलं. त्या बँकांच्या खातेदारांचा यात काडीचाही संबंध नव्हता.

इथे दुसरं खातं निर्विवाद जिंकतं. कपाटातल्या रोखीवर आठवडा निघेल, फार तर दोन. पगार, पेन्शन, घराचा हप्ता, मुलांची फी सगळं एकाच बँकेत असेल आणि तिच्यावर निर्बंध आले, तर कपाट काही कामाचं नाही. ठेव विम्याचे पाच लाखांपर्यंतचे पैसे आता कायद्यानं ९० दिवसांत मिळायला हवेत. पण ते ९० दिवस काढायचे कशावर? तेव्हा ज्यांचं सगळं एकाच नागरी सहकारी बँकेत आहे त्यांनी पुढचं वाचण्याआधी दुसरं खातं उघडावं, असंच मी म्हणेन. फक्त ते खातं आणि त्यावरचं ॲप दोन्ही वेगळ्या वाटेनं जाणारं हवं. मार्च २०२० मध्ये येस बँकेवर निर्बंध आले त्या रात्री फोनपे बंद पडलं, कारण त्यामागची बँक तीच होती. ज्यांची खाती स्टेट बँकेत होती तेही फोनपेवर अडकले.

तिसरं दुखणं आमच्या भागातलं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. आमचं घर विश्रामबागेकडे, तिथे पाणी आलं नाही. वीज मात्र गेली. वीज गेल्यावर काही तासांनी मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या उतरल्या, मग रेंज गेली. एटीएमचं शटर खाली. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली होता, त्यामुळे दूध, भाजी, पेट्रोल यांबरोबर नोटांची गाडीही येणार कुठून? त्या दिवसांत दुकानदारांनी रोख घेतली किंवा ओळखीच्या गिऱ्हाइकाच्या नावावर वहीत लिहून ठेवलं. तिसरा मार्ग नव्हता. तुमची बँक एक असो की चार, त्या आठवड्यात सगळ्या सारख्याच. चिपळूणला जुलै २०२१ मध्ये हेच झालं, आणि तिथे तर बाजारपेठच पाण्यात होती.

म्हणजे कागदावर सामना बरोबरीत सुटतो: बँक बुडाली तर खातं, गाव बुडालं तर रोख. माझ्यापुरता निकाल लागला तो एका कटकटीमुळे, आणि तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण खातं उघडताना ती कुणी सांगत नाही.

अडीनडीचा पैसा पडून राहण्यासाठीच असतो. बँकेला मात्र पडून असलेल्या खात्याचा संशय येतो. दोन वर्षं तुम्ही स्वतः काही उलाढाल केली नाही की खातं निष्क्रिय होतं. त्या खात्यावरची यूपीआय ओळख वर्षभर वापरली नाही तर ती बंद होते. डेबिट कार्ड आलं तसं पाकिटात ठेवलं आणि कधी ऑनलाइन वापरलंच नाही, तर ती सोय बंदच असते. ॲपमध्ये जाऊन सुरू करावी लागते. ॲप उघडावं तर ते म्हणतं, नोंदणीकृत सिम याच फोनमध्ये आहे का? फोन बदलला की पुन्हा नोंदणी, पुन्हा एसएमएस. त्या सिमचं रिचार्ज संपलेलं असेल तर तेही गेलं. शिवाय अधूनमधून केवायसी. यातला एकेक नियम घेतला तर त्यात वाकडं काही नाही, फसवणूक रोखायलाच तो केलेला आहे. पण सगळे मिळून असं होतं की ज्या खात्याकडे तुम्ही कधी बघू नये, त्याच्याकडेच सगळ्यात जास्त लक्ष द्यावं लागतं.

माझं दुसरं खातं ज्या बँकेत आहे तिचं नाव घेत नाही. इतरांचे अनुभव ऐकल्यावर ती इतरांपेक्षा वाईट आहे असंही वाटत नाही. फोन बदलल्यावर ॲप चालेना म्हणून शाखेत गेलो. केवायसी जुनी झाली आहे, म्हणाले. आधार, पॅन, फोटो घेऊन पुन्हा गेलो तर हे खातं आमच्या शाखेचं नाही, तिकडे जा. तिकडे गेलो तर सर्व्हर डाऊन. शेवटी खातं सुरू झालं, बाईंनी नीट मदत केली, तक्रार नाही. पण परत येताना बायको म्हणाली, “अहो, हे आणीबाणीत करायचं होतं ना?” याचं उत्तर माझ्याकडे अजूनही नाही.

कपाटातली नोटांची पाकिटं यातलं काही मागत नाहीत. वर्षभर हात लावला नाही तरी शंभराची नोट शंभराचीच राहते. ‘महागाईनं तिची किंमत घटते’ हे खरं, पण हिशेब करून पाहा. दहा हजार रुपये बचत खात्यात ठेवले तर अडीच टक्क्यांनी वर्षाला अडीचशे मिळतात, आणि साध्या डेबिट कार्डाची वार्षिक फी जीएसटी धरून त्याच घरात जाते. म्हणजे एवढ्या रकमेला व्याजाचा मुद्दा उरतच नाही. लाखभर घरात ठेवत असाल तर मात्र उरतो, आणि तेव्हा मी म्हणेन की एवढी रोख घरात ठेवूच नका.

रोखीच्या कटकटी आहेतच. चोरीची भीती पहिली. घरातल्या माणसांचे हात ही दुसरी, आणि खरं सांगायचं तर जास्त मोठी. गॅस सिलिंडरवाला दारात उभा असला की ‘त्यातलेच दे आत्ता, नंतर ठेवू’ हे ठरलेलं. यावर आमच्याकडे चालणारा उपाय म्हणजे पाकीट चिकटपट्टीनं बंद करून वर रक्कम आणि तारीख लिहायची. पट्टी फाडायला माणूस जरा कचरतो, एवढंच. ओल आणि वाळवी ही तिसरी. पुरानंतर सांगलीत लोकांनी नोटा दोरीवर वाळत घातल्या होत्या. भिजलेली, फाटलेली नोट बँक बदलून देते: पन्नास आणि त्यावरच्या नोटेचा सलग तुकडा ८० टक्क्यांपेक्षा मोठा असेल तर पूर्ण किंमत, ४० ते ८० असेल तर निम्मी, त्याखाली काही नाही. प्लॅस्टिकच्या झिपच्या पिशवीत घालून वरच्या फळीवर ठेवलं तर हा नियम वाचायची वेळ येत नाही. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावेत असं कुणाच्या मनात आलं असेल तर, नव्या लॉकर करारात रोख ठेवायला मनाईच आहे. आणि पुरात बँकेचं लॉकर उघडायला कोण येणार?

सगळ्यात महत्त्वाचं, आणि लोक नेमके इथेच ढिले पडतात: नोटा कुठल्या. एटीएममधून पाचशेच्या दहा नोटा काढून ठेवल्या म्हणजे रोख ठेवली असं होत नाही. वीज नसलेल्या गावात पाचशेचे सुट्टे कुणाकडेच नसतात. चाळीस रुपयांच्या दुधाला पाचशेची नोट दिली की दूधवाला एक तर ‘राहू द्या, नंतर द्या’ म्हणतो, नाहीतर उरलेल्याची दहा पाकिटं गळ्यात मारतो. रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये बँकांना एटीएममध्ये शंभर-दोनशेच्या नोटा ठेवायला सांगितल्यापासून थोडं सोपं झालं आहे, तरी दहा-वीस-पन्नासच्या नोटा काउंटरवर मागूनच घ्याव्या लागतात. सकाळी लवकर गेलं आणि गोड बोललं की मिळतात. दहाची नाणी मात्र मी टाळतो. ती शंभर टक्के वैध असूनही आमच्याकडचे काही दुकानदार अजून तोंड वाकडं करतात.

लहान नोटांच्या बाजूनं आणखी एक गोष्ट. ८ नोव्हेंबर २०१६ ला रद्द झाल्या त्या ५०० आणि १,००० च्या नोटा. २०२३ मध्ये मागे घेतली ती २,००० ची. शंभर आणि त्याखालच्यांना दोन्ही वेळी कुणी हात लावला नाही. उलट २०१६ च्या त्या आठवड्यांत ज्याच्याकडे शंभराची गड्डी तोच राजा होता. ‘नोटबंदी पुन्हा झाली तर?’ असं विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की मोठ्या नोटा साठवू नका.

रक्कम किती? नेदरलँड्सच्या मध्यवर्ती बँकेनं २०२५ मध्ये लोकांना सांगितलं की माणशी ७० युरो आणि मुलामागे ३० युरो घरात असू द्या, तीन दिवसांच्या हिशेबानं. जिथे बहुतेक व्यवहार कार्डावर होतात त्या देशात हे सांगावं लागलं. आकडा आपल्या कामाचा नाही, हिशेबाची रीत मात्र आहे: दूध, भाजी, किराणा, औषधं, पेट्रोल धरून आठवड्याचा साधा खर्च, आणि वर रात्री-अपरात्री गाडी करून आजाऱ्याला हलवावं लागलं तर लागतील तेवढे. पुराच्या पट्ट्यात तीन दिवस पुरत नाहीत, म्हणून आठवडा. पहिला भाग लहान नोटांत, दुसरा पाचशेत.

यूपीआय लाइटबद्दल, म्हणजे पिन न टाकता लहान रकमा देण्याच्या सोयीबद्दल, नेहमी विचारतात. रोजच्या लहान खर्चाला छान आहे, पाच हजारांपर्यंत शिल्लक राहते, पण साध्या लाइटला नेट लागतंच. *९९# हा नंबर फिरवून यूपीआय करता येतं, त्याला नेट लागत नाही, टॉवर लागतो. क्रेडिट कार्ड हॉस्पिटलमध्ये अनामत भरायला उत्तम, आणि ते यूपीआयपेक्षा वेगळ्या वाटेनं जातं, म्हणून एक असावं. पुरात यातलं काहीही चालत नाही.

तेव्हा माझं मत रोखीकडे, तेही लहान नोटांच्या. एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसाला किंवा खोलीत चार जण असलेल्या विद्यार्थ्याला मी हे सांगणार नाही. त्यांना दुसरं खातंच बरं. खातंच निवडणार असाल तर त्याला काम द्या: घराचं वीजबिल किंवा मोबाइलचं रिचार्ज दर महिन्याला त्याच खात्यातून स्वतः भरा आणि भाजीवाल्याला अधूनमधून त्याच्याच यूपीआयवरून पैसे द्या. मग ते निष्क्रिय होत नाही, कार्ड कुठे आहे ते लक्षात राहतं, आणि फोन बदललात तर ॲप चालत नाही हे त्याच महिन्यात कळतं.