पट्टे काढून दाखवलेला सॉफ्ट स्टार्टर

कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री आहे. सँड प्लँटची धूळ ओढणाऱ्या ब्लोअरला ५० एचपीची मोटर. पंखा जड, पूर्ण वेग घ्यायला २५-३० सेकंद घेतो. जुना स्टार-डेल्टा स्टार्टर मोटर आधी कमी व्होल्टेजवर (स्टार) आणि मग पूर्ण व्होल्टेजवर (डेल्टा) चालवतो, पण तो त्याआधीच डेल्टावर जायचा. मग जोराचा झटका बसायचा, शेडमधले दिवे मंद व्हायचे आणि कधी कधी सीएनसी मशीन बंद पडायचं. नेमप्लेटवर ६६ अँपिअर लिहिलेली ही मोटर थेट लाइनवर घेतली, तर सहा-सात पट, म्हणजे ४००च्या वर करंट ओढते. मोटरवरून पंखा फिरवणारे पट्टे सारखे बदलावे लागत. म्हणून सॉफ्ट स्टार्टर, म्हणजे व्होल्टेज हळूहळू वाढवत मोटर सावकाश चालू करणारं उपकरण, घ्यायचं ठरलं आणि तो निर्णय मला आजही बरोबरच वाटतो.

एका पॅनेलवाल्याने नामांकित कंपनीचा ‘सरप्लस माल’ म्हणून ५० एचपीचा स्टार्टर ३८ हजारांत देऊ केला. नव्याच्या भावात आणि त्यात जवळजवळ निम्म्याचा फरक होता. वर म्हणाला, “दादा, डिमांड खाली येईल, बिलातच पैसे वसूल होतील.” हे पहिलं खोटं. मीटर डिमांड, म्हणजे बिलात धरला जाणारा कमाल भार, धरतो ती १५ किंवा ३० मिनिटांच्या सरासरीवर, त्यात अर्ध्या मिनिटाच्या स्टार्टिंगचा फारसा हिशेब लागत नाही. आणि वेग आल्यावर मोटर आधी जेवढी वीज घेत होती तेवढीच घेते. सॉफ्ट स्टार्टर पट्टे, बेअरिंग आणि व्होल्टेज सांभाळतो. बिल कमी करणं हे त्याचं कामच नाही.

जोडणीच्या दिवशी त्याने पट्टे उतरवायला लावले. “आधी फिरण्याची दिशा बघू, मग पट्टे चढवू.” मोटर मोकळीच चालू केली. लोण्यासारखी फिरली. करंट मोजणाऱ्या टाँग टेस्टरवर जेमतेम १२० अँपिअर दिसले, आम्ही खूश झालो आणि मी पूर्ण पैसे दिले. मोकळी मोटर दोन-तीन सेकंदांत वेग घेते, त्यात स्टार्टरची काहीच परीक्षा होत नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी पट्टे चढवून चालू केलं तर १५ सेकंदांत ट्रिप. व्होल्टेज निम्मं केलं की टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, चौथाईवर येतो, त्यामुळे जड पंख्याला सावकाश चढवायचं तर तिप्पट-साडेतिप्पट करंट बराच वेळ सोसावा लागतो. त्यासाठी स्टार्टर हेवी ड्यूटीचा आणि एक माप वरचा घेतात. हा पठ्ठ्या आला, सेटिंगमध्ये जाऊन ओव्हरलोडचं संरक्षणच बंद केलं आणि “आता नाही ट्रिप होणार” म्हणून निघून गेला. खरंच ट्रिप झाला नाही.

तीन आठवड्यांनी संध्याकाळी ऑपरेटरने स्टॉप दाबलं. हा पंखा थांबायला एरवीही चार-पाच मिनिटं घेतो, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. पण मोटर घुमत राहिली. आमच्या फिटर मामांनी धावत जाऊन एमसीसीबी (मुख्य ब्रेकर) पाडला, तोवर व्हार्निशचा वास सुटला होता. दोन फेजचे थायरिस्टर (स्टार्टरमधले इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट झाले होते, स्टॉप दाबूनही दोन फेज मोटरला मिळतच होते. लाइन तोडणारा मेन कॉन्टॅक्टर त्याने पैसे वाचवायला बसवलाच नव्हता. मोटर जळाली. त्या वेळी कुणी पंखा थांबलाय समजून पट्ट्याला हात घातला असता, तर काय झालं असतं, हा विचार अजून मनातून जात नाही.

दुरुस्तीवाल्याने स्टार्टर उघडला. नेमप्लेट नखाने सुटली आणि खाली दुसरी निघाली: २२ किलोवॅट, म्हणजे ३० एचपी. आम्हाला ३७ किलोवॅटचा, म्हणजे ५० एचपीचा हवा होता. स्क्रूंच्या डोक्यांवर ओरखडे होते, थंड ठेवणाऱ्या फिनमध्ये जुनी धूळ होती. खालच्या नेमप्लेटचा सिरियल नंबर कंपनीला कळवला, त्यांनीही तो २२ किलोवॅटचाच असल्याचं सांगितलं. हे काम विकत घेण्याआधी दहा मिनिटांत झालं असतं.

बिलावर फक्त ‘सॉफ्ट स्टार्टर, १ नग’. ना कंपनीचं नाव, ना मॉडेल, ना सिरियल नंबर. ग्राहक आयोगात जायचं म्हटलं तर वकील म्हणाले, व्यावसायिक वापरासाठी घेतलेल्या मालाला तिथे अडचण येते. पोलिसांत अर्ज दिलाय. रिवाइंडिंग आणि चार दिवसांचा बंद धरून नुकसान स्टार्टरच्या किमतीच्या दुपटीहून जास्त झालं.

नंतर नवा स्टार्टर घेतला तेव्हा ऑर्डरमध्येच लिहून घेतलं: ब्लोअरचा लोड, स्टार्टिंगचा वेळ, तासाला किती वेळा चालू होणार, बायपास (वेग आल्यावर थायरिस्टर वगळून मोटरला थेट लाइन देणारा) आणि मेन कॉन्टॅक्टर. पट्टे चढवून पाच वेळा चालू करून दाखवल्यावरच शेवटचा हप्ता दिला. करंट २२०च्या आसपास राहतो, दिवे हलत नाहीत.

परवा आमच्याच गल्लीतल्या एका कारखानदाराने त्याच माणसाचं कोटेशन दाखवलं. त्याला म्हटलं, पट्टे चढवूनच चालू करायला लाव, आणि तो नको म्हणाला तर माल गाडीतून उतरवूच नकोस.