कँपरच्या चाकांची बेअरिंग: किलोमीटर मोजून ग्रीस भरावं, की दर वर्षी पावसाळा संपल्यावर?

ट्रॅव्हलर व्हॅनवर कँपर, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, बांधून घेतला की हा प्रश्न कधी ना कधी समोर येतोच. पुढच्या हबमधली, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातली, टेपर रोलर (निमुळत्या रोलरची) बेअरिंग काढून, धुऊन, नवं ग्रीस भरायचं ते ठराविक किलोमीटर झाल्यावर, की गाडी कितीही कमी फिरली तरी वर्षातून एकदा? ‘आवाज आला की बघू’ हा तिसरा मार्ग मी धरतच नाही. बेअरिंगची घरघर केबिनपर्यंत पोचते तोवर रोलर आणि कप (ज्यावर रोलर फिरतात ती बाहेरची कडी) बहुधा गेलेले असतात.

किलोमीटरचा हिशेब चुकीचा नाही. रोज चालणाऱ्या गाडीत ग्रीस उष्णतेनं आणि घुसळणीनं थकतं, तिथे ओडोमीटर खरं बोलतो. कँपर भाड्यानं देत असाल तर बिनदिक्कत तोच धरा.

घरच्या कँपरचं गणित मात्र निराळं असतं. दिवाळीत एक मोठा फेरा, उन्हाळ्यात एक, मधूनच कोकण. बाकीचे महिने गाडी उभीच. शिवाय ती रिकामी कधीच नसते. फर्निचर, बॅटऱ्या, पाण्याची टाकी, सगळा भार उभ्या गाडीतही बेअरिंगवर असतो, तोही त्याच दोन-चार रोलरवर. तिथलं ग्रीस दबून बाजूला सरतं, आणि जून ते सप्टेंबरचा ओलावा आत गेला की कपवर रोलरच्या अंतराअंतरानं तांबूस रेघा उमटतात. फारशा न चाललेल्या गाड्यांच्या बेअरिंगवर मी त्या पाहिल्या आहेत. ट्रेलरचे अॅक्सल बनवणारी अमेरिकेतली डेक्स्टर कंपनी बारा महिने किंवा १२,००० मैल, म्हणजे सुमारे १९,००० किलोमीटर, यांतलं जे आधी येईल ते धरायला सांगते. ट्रेलर आणि कँपर एक नव्हेत, पण उभं राहण्याची सवय दोघांचीही सारखीच.

तरीही माझा निर्णय रेघांमुळे झाला नाही. किलोमीटर नेहमी प्रवासाच्या मधेच भरतात, या एका कटकटीनं तो झाला. कच्छच्या वाटेवर आकडा पुरा झाला आणि हमरस्त्यावरच्या एका गॅरेजात चाक खोललं. मिस्त्रींचा हात चांगला होता, ग्रीसही होतं. पण आमच्या हबचं ऑइल सील, म्हणजे ग्रीस आत अडवून ठेवणारी कडी, जवळपास कुठे मिळेना. जुनंच सील ठोकून बसवलं. काढताना त्याची कड वाकलेली होती. पुढे ग्रीस झिरपून ब्रेकपर्यंत गेलं, आणि ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढू लागली. घरातली माणसं मागे बसलेली असताना ते फार जिवावर येतं. राहिलेली सगळी वाट मी घाबरत चालवली.

तेव्हापासून नवरात्राच्या सुमारास, मोठे प्रवास सुरू होण्याआधी, ओळखीच्या गॅरेजात हब उघडतो. सील आणि नट जागेवर अडकवणाऱ्या स्प्लिट पिन आधीच आणून ठेवलेल्या असतात. मिस्त्रींनाही घाई नसते: चाक फिरवत नट आवळून रोलर नीट बसवायचे, मग नट सैल करून किंचित प्ले (ढिलाई) ठेवायचा, हे काम सावकाशच व्हावं लागतं. फार घट्ट नट सैल नटापेक्षाही लवकर बेअरिंग जाळतो. जुनं ग्रीस पूर्ण धुऊन काढायला सांगा. वेगवेगळ्या जातींची ग्रीस एकमेकांत मिसळली तर पातळ होऊन वाहू शकतात.

दर वर्षी थोडं चांगलं ग्रीस फेकलं जातं, हा आक्षेप मला मान्य आहे. पण ग्रीसचा डबा आणि दोन सील यांचा खर्च टोइंगपुढे काहीच नाही.

तुमचं फिरणं खूप असेल आणि वर्ष भरायच्या आत किलोमीटर भरत असतील, तर निघण्यापूर्वीच काम उरकून घ्या, आणि सीलचा एक जादा जोड गाडीत ठेवा. आंबोलीसारखा घाट उतरून थांबलात की दोन्ही पुढच्या हबच्या टोप्यांजवळ हात धरून पाहा. एक बाजू दुसरीपेक्षा बरीच तापली असेल तर ते चाक जॅकवर घ्या. आणि तारकर्लीकडे खाऱ्या पाण्यात चाकं हबपर्यंत बुडाली असतील, तर महिना आणि किलोमीटर दोन्ही विसरून परतल्या परतल्या हब उघडा.