आर आणि रीडएक्सएल: संत्र्याच्या हंगामभर वापरल्यानंतर, तारखेच्या कॉलमसाठी एक गुण कापून

नागपूरच्या कळमना बाजारातल्या संत्र्याच्या आवक-भावाच्या एक्सेल फायली आर या आकडेमोडीच्या प्रोग्रामिंग भाषेत घेण्यासाठी अंबिया आणि मृग, दोन्ही बहारांत रीडएक्सएल हे आरचं जोड-पॅकेज वापरलं. फुकट आहे, जावा लागत नाही, जुनी एक्सएलएस फाइलही उघडतं आणि ४ जीबीच्या लॅपटॉपवर कुरकुर न करता चालतं. इन्स्टॉल कसं करायचं ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थेट तारखेवर येतो. बाकी सगळ्या अडचणी मिळून होत नाही एवढं नुकसान हा एक कॉलम करतो.

फाइल भरणाऱ्या कॉम्प्युटरवर विंडोजची तारीख अनेकदा अमेरिकन पद्धतीवरच राहिलेली असते. भरणारा ०२/०३/२०२४ टाकतो, त्याच्या मनात २ मार्च. एक्सेल त्याला ३ फेब्रुवारी समजतं आणि आत ४५३२५ हा आकडा साठवतं. १३/०३/२०२४ मध्ये मात्र तेरावा महिना कुठून आणणार? ते मजकूर म्हणून तसंच पडून राहतं. नीट पाहिलं तर एक्सेलमध्येच दिसतं: खरी तारीख खान्यात उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे.

आरमध्ये हा कॉलम मजकूर म्हणून येतो आणि ४५३२५ च्या खाली १३/०३/२०२४ अशी खिचडी दिसते. त्यावर दिवस/महिना/वर्ष असा साचा देऊन ॲज.डेट हे तारीख बनवणारं फंक्शन चालवलं की पाच आकडी नोंदी गुपचूप एनए (म्हणजे ‘माहिती नाही’) होतात, साधी वॉर्निंगही येत नाही. म्हणजे प्रत्येक महिन्याच्या पहिल्या १२ दिवसांची आवक हिशेबातून गेली.

उपाय असा. फाइल वाचताना कॉल_टाइप्स या कॉलमचा प्रकार ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये सगळे कॉलम टेक्स्ट (मजकूर) द्या. फक्त पाच आकडे असलेल्या नोंदी वेगळ्या काढा, संख्येत बदला आणि ॲज.डेटला ओरिजिन, म्हणजे मोजणीचा आरंभ दिवस, ३० डिसेंबर १८९९ द्या. (३१ नाही, कारण एक्सेल २९ फेब्रुवारी १९०० हा नसलेला दिवसही मोजतं.) मग लगेच दिवस-महिना उलटवू नका, आधी खूण तपासा. मार्चच्या फाइलमध्ये जानेवारी ते डिसेंबर प्रत्येक महिन्याची ३ तारीख दिसली आणि १३ ते ३१ मजकुरात असतील, तर अदलाबदल नक्की झाली आहे. तेव्हाच उलटवा आणि फाइलच्या नावातल्या महिन्याशी ताडून पाहा. फाइल देणाऱ्याने आज सेटिंग भारतीय केली तरी जुन्या फायलींतले आकडे बदलत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

पहिले काही आठवडे माझा राग गेस_मॅक्सवर होता, म्हणजे किती ओळी पाहून अंदाज बांधायचा त्या सेटिंगवर. हे पॅकेज पहिल्या १००० ओळी पाहून कॉलमचा प्रकार ठरवतं. ‘शेरा’ कॉलम तिथपर्यंत रिकामा असेल तर तो लॉजिकल (फक्त खरं-खोटं धरणारा) ठरतो आणि पुढचं ‘ओला माल’ एनए होतं. आता तो राग राहिला नाही. इथे निदान कोणत्या खान्यात काय बिघडलं ते वॉर्निंग सांगते, आणि सगळं टेक्स्ट घेतलं की प्रश्नच मिटतो.

मराठी अंकांत भरलेले भाव ॲज.न्यूमेरिक या संख्या बनवणाऱ्या फंक्शनला कळत नाहीत, एनए मिळतं. अक्षराच्या जागी अक्षर बदलणाऱ्या सीएचएआरटीआर फंक्शनला मराठी दहा अंक आणि इंग्रजी दहा अंक क्रमाने दिले की एका ओळीत काम होतं. कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये भरलेली नावं मात्र युनिकोडच नाहीत, त्यांना वेगळा कन्व्हर्टर लागतो. मर्ज केलेल्या खान्यांतली नोंद फक्त पहिल्या खान्यात येते, खालचे टायडीआर पॅकेजच्या फिल फंक्शनने भरा. एक्सेलमध्ये फाइल उघडी ठेवून सगळं फोल्डर वाचायला लावलं, तर टिल्ड-डॉलरने सुरू होणारी तात्पुरती फाइलही यादीत येते आणि लूप तिथेच अडतो. तिला आधी गाळा.

एसक्यूएल या क्वेरीच्या भाषेत हव्या त्या ओळी काढायला एसक्यूएलडीएफ पॅकेज सोपं वाटतं, पण तिथेही तारीखच नडते. ते आतून एसक्यूलाइट हा डेटाबेस वापरतं आणि त्यात तारखेचा वेगळा प्रकार नाही. आरची तारीख तिथे १९७० पासूनच्या दिवसांचा आकडा होऊन जाते. १ जानेवारी २०२४ म्हणजे १९७२३. ‘तारीख १ मार्चनंतरची’ अशी अट अवतरणचिन्हांत लिहिली की संख्येची तुलना मजकुराशी होते, संख्या नेहमी लहान ठरते आणि उत्तरात शून्य ओळी येतात, तेही एरर न देता. एसक्यूएलच हवं असेल तर डकडीबी हा दुसरा डेटाबेस घ्या: टेबल डकडीबी_रजिस्टर फंक्शनने जोडा, तारीख तारीखच राहते. नुसती महिनावार बेरीज हवी असेल तर डीप्लायर हे आरचं पॅकेज पुरेसं आहे.