तिजोरी, कोर्ट की गाव? खिळखिळ्या राज्ययंत्रणेला मदत करण्याच्या तीन मार्गांची तुलना

युद्धातून किंवा यादवीतून बाहेर पडलेल्या देशात लोकशाही कारभार सावरायला मदत करायची, तर पैसा आणि माणसं लावण्याजोग्या जागा तीन. सरकारी तिजोरी, तपासयंत्रणा-न्यायालयं आणि गाव. चौथी निवडणूक, पण तिचा खर्च आणि वेळापत्रक बहुतेक वेळा दुसरंच कोणी ठरवून गेलेलं असतं. देणगीदार संस्थेत, संयुक्त राष्ट्रांच्या एखाद्या कार्यालयात किंवा परराष्ट्र खात्यात बसून यांतली एक निवडायची वेळ ज्यांच्यावर येते, त्यांच्यासाठी ही तुलना आहे. उदाहरणं तीन खंडांतली, आणि तिन्ही कार्यक्रम संपलेले. म्हणजे मदत करणारे निघून गेल्यावर मागे काय उरलं, तेही पाहता येतं.

तीन मार्ग

लायबेरियात १४ वर्षांची यादवी २००३ मध्ये संपली. त्यानंतरच्या हंगामी सरकारच्या काळात युरोपीय आयोगाच्या पैशातून लेखापरीक्षण झालं आणि महसुलाची उघड लूट समोर आली. सप्टेंबर २००५ मध्ये हंगामी सरकार आणि देणगीदार यांच्यात जेमॅप (कारभार आणि आर्थिक व्यवस्थापन सहाय्य कार्यक्रम) नावाचा करार झाला. मध्यवर्ती बँक, मनरोव्हियाचं बंदर, रॉबर्ट्स विमानतळ, तेलशुद्धीकरण कंपनी, वनविकास प्राधिकरण अशा पैसा येणाऱ्या जागी परदेशी वित्तनियंत्रक नेमले गेले. त्यांची सही असल्याशिवाय पैसा बाहेर पडत नसे.

ग्वातेमालात १९९६ च्या शांतता करारानंतरही लष्करी गुप्तचरांतून निघालेली गुन्हेगारी जाळी पोलीस, कस्टम आणि न्यायालयांत रुतून बसली होती. संयुक्त राष्ट्रांशी करार करून २००७ मध्ये सिसिग हा आंतरराष्ट्रीय तपास आयोग सुरू झाला. तो १२ वर्षं टिकला.

अफगाणिस्तानात २००३ पासून नॅशनल सॉलिडॅरिटी प्रोग्राम चालला. गुप्त मतदानाने गावपरिषद निवडायची आणि तिच्या हाती थेट निधी द्यायचा: कुटुंबामागे २०० डॉलर, गावाला जास्तीत जास्त ६०,००० डॉलर. सुमारे ३५,००० वस्त्यांपर्यंत तो पोचला.

दार कशामुळे उघडलं

मूल्यमापनाच्या अहवालांत हा प्रश्न पहिल्या पानावर असायला हवा, आणि तो बहुतेकदा तळटीपेत असतो.

लायबेरियाच्या नेत्यांनी परक्याची सही मान्य केली, कारण त्यांची मान तिन्ही बाजूंनी अडकलेली होती. साडेचार अब्ज डॉलरच्या वर परदेशी कर्ज, लाकूड आणि हिऱ्यांच्या निर्यातीवर सुरक्षा परिषदेची बंदी, आणि व्यक्तिशः नेत्यांवर प्रवासबंदीची टांगती तलवार. जानेवारी २००६ मध्ये एलेन जॉन्सन सर्लीफ राष्ट्राध्यक्ष झाल्या. करार आधीच्या सरकारचा होता, तरी त्यांनी तो मोडला नाही. लाकडावरची बंदी २००६ मध्ये उठली, हिऱ्यांवरची २००७ मध्ये, कर्जमाफी २०१० मध्ये मिळाली. दर वर्षी काहीतरी पदरात पडत गेलं म्हणून दर वर्षी सही सोसली गेली.

ग्वातेमालात पहिला मसुदा २००४ मध्येच घटना-न्यायालयाने अडवला होता, कारण तपास आणि खटल्याचा अधिकार घटनेने सरकारी अभियोक्त्यालाच दिलेला आहे. म्हणून दुसऱ्या मसुद्यात आयोगाला स्वतः खटला भरायचा अधिकार नव्हता. अभियोक्त्याच्या जोडीला पूरक फिर्यादी म्हणून उभं राहायचं, एवढाच होता. तरीही काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, मान्यता रखडली. मग फेब्रुवारी २००७ मध्ये मध्य अमेरिकी संसदेतले एल साल्वादोरचे तीन प्रतिनिधी ग्वातेमालात मारले गेले. पकडलेले संशयित चौघे पोलीसच निघाले आणि काही दिवसांत त्यांचाही तुरुंगाच्या आत खून झाला. ऑगस्टमध्ये मान्यता मिळाली. असं दार लाजेपोटी उघडतं. लाज ओसरली की ते पुन्हा लोटलं जाणार, हे पहिल्याच दिवशी गृहीत धरायला हवं.

अफगाणिस्तानात सौदा करावाच लागला नाही. ग्रामीण पुनर्वसन मंत्रालयालाच कार्यक्रम हवा होता, गावांना पैसा हवा होता. प्रवेश सगळ्यात सोपा इथला.

सहीचं बळ, सहीची हद्द

आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या खात्यातून पैसे काढायला सरपंच आणि ग्रामसेवक अशा दोघांच्या सह्या लागतात. जेमॅपचं तत्त्व तेच, फक्त दुसरा सही करणारा देशाबाहेरून आलेला. मागणीपत्र येतं. अर्थसंकल्पात त्या शीर्षाखाली रक्कम आहे का, खात्यात तेवढी शिल्लक आहे का, दरपत्रकं घेतली का, एवढं पाहून नियंत्रक सही करतो किंवा कागद परत पाठवतो. त्याच्या जोडीला अर्थमंत्रालयात रोख-व्यवस्थापन समिती होती, आणि जमेल तेवढंच खर्चायचं, उसनं घ्यायचं नाही, असा कडक नियम होता. सरकारचा वार्षिक अर्थसंकल्प तेव्हा जेमतेम ८ कोटी डॉलरचा होता. दोन-तीन वर्षांत तो २० कोटींपर्यंत गेला. सगळं श्रेय सह्यांचं नाही, शांतता आणि व्यापारही परतले होते. पण बंदरात जमा झालेला पैसा बँकेत पोचू लागला, हे काम सह्यांचंच.

हद्दही तिथेच दिसते. सही खर्चाच्या कागदावर होती, परवान्याच्या नाही. वनविकास प्राधिकरण ही नियंत्रक बसवलेल्या संस्थांपैकी एक. जेमॅप गुंडाळला गेला आणि त्याच प्राधिकरणातून खाजगी वापराच्या नावाखाली वृक्षतोडीचे परवाने सुटले, देशाच्या जवळजवळ पाव भूभागावर. २०१२ मध्ये स्थगिती द्यावी लागली, चौकशी बसली, पुढे खटलेही झाले. वही चोख होती आणि जंगल वहीबाहेरून जात होतं. म्हणून सहस्वाक्षरीचा कार्यक्रम आखताना संस्थेकडे मूल्य कुठकुठल्या रूपात आहे त्याची यादी आधी करा: रोकड, परवाना, जमीन, सवलत, भरती. सहीची तरतूद यांतल्या प्रत्येकावर हवी. फक्त धनादेशावर असेल तर चोरी पुढच्या टेबलावर सरकते.

दुसरी चूक माणसांच्या बाबतीत होते. नियंत्रकाला रोजच्या कागदांचा ढीग उपसायचा असतो. शेजारी बसलेल्या स्थानिक हिशेबनिसाला शिकवणं त्यात मागे पडतं, आणि मुदत संपते तेव्हा काम येणारा माणूसच निघून जातो. नेमणुकीच्या करारातच लिहून घ्या की पहिल्या सहा महिन्यांनंतर कागद आधी स्थानिक अधिकारी तपासेल, नियंत्रक त्यानंतर. आणि दोघांच्या मतांत फरक किती वेळा पडला, त्याची मासिक नोंद राहील. तो आकडा खाली येत नसेल तर हस्तांतराची तारीख कागदावरच राहते.

तपासाची जोड

सिसिगने आल्याबरोबर मोठे मासे धरले नाहीत. सुरुवातीची वर्षं कायद्यांत आणि साधनांत गेली: न्यायालयाच्या परवानगीने फोन ऐकण्याची यंत्रणा, साक्षीदार-संरक्षण, माफीच्या साक्षीदाराची तरतूद, गंभीर गुन्ह्यांसाठी वेगळी न्यायालयं, आणि अभियोक्त्याच्या कार्यालयात आयोगाबरोबर काम करणारं विशेष पथक. ही वर्षं अहवालात रिकामी दिसतात आणि देणगीदार अस्वस्थ होतात. पण पुढचं सगळं यावर उभं राहिलं.

विश्वास मिळवून देणारं प्रकरण २००९ चं. वकील रोद्रिगो रोझेनबर्ग यांचा खून झाला आणि त्यांच्या अंत्यविधीच्या वेळी चित्रफीत बाहेर आली. माझ्या मृत्यूला राष्ट्राध्यक्ष जबाबदार आहेत, असं त्यात ते स्वतःच सांगत होते. सरकार पडायची वेळ आली. आयोगाने फोनच्या नोंदी जुळवून जानेवारी २०१० मध्ये दाखवून दिलं की खुनाची आखणी रोझेनबर्ग यांनी स्वतःच केली होती. निकाल त्या वेळच्या सरकारच्या बाजूने गेला. पुरावा नेईल तिकडेच आयोग जातो, ही खात्री लोकांना तेव्हा पटली.

२०१५ चं ‘ला लिनेआ’ म्हणजे ‘लाइन’ प्रकरण याच साधनांतून आलं. आयातदारांनी एका ठराविक फोनवर बोलायचं, कंटेनरमधला माल कमी दाखवायचा ठरवायचं, शुल्क कमी भरायचं आणि वाचलेल्या रकमेतला वाटा वर पोचवायचा. एप्रिलमध्ये प्रकरण जाहीर झालं, मे महिन्यात उपराष्ट्राध्यक्ष रोक्साना बाल्देत्ती गेल्या, २ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष ओत्तो पेरेझ मोलिना यांनी राजीनामा दिला. डिसेंबर २०२२ मध्ये दोघांना १६ वर्षांची शिक्षा झाली.

आणि इथेच त्याची कमजोर शीर. आयोगाची मुदत दोन-दोन वर्षांची, आणि वाढवून मागण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांचा. ज्याची चौकशी करायची त्याच्याच हातात मुदतवाढ. पुढचे राष्ट्राध्यक्ष जिमी मोरालेस यांच्या प्रचाराच्या पैशाकडे आयोग वळला, तेव्हा ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांनी आयुक्त इव्हान वेलास्केझ यांना देश सोडायला सांगितलं. घटना-न्यायालयाने ते थांबवलं. पण २०१८ मध्ये मुदतवाढ नाकारली गेली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये कार्यालय बंद झालं. पाठोपाठ सूड सुरू झाला. विशेष पथकाचे प्रमुख २०२१ मध्ये पदावरून काढले गेले आणि त्यांना देश सोडावा लागला. कित्येक अभियोक्ते, न्यायाधीश परागंदा झाले. होंडुरासमधलं तशाच धर्तीचं मंडळ जानेवारी २०२० मध्ये मुदतवाढीअभावीच संपलं, आणि त्याला अधिकारही कमी होते.

या मार्गावर पैसा लावणाऱ्याने एक जबाबदारी आधीच उचलायला हवी. आयोगाचे परदेशी लोक विमानाने परत जातात. त्यांच्या शेजारी बसून सह्या केलेले स्थानिक अभियोक्ते तिथेच राहतात. त्यांच्या संरक्षणासाठी, गरज पडल्यास सुरक्षित स्थलांतरासाठी आणि वकिलांसाठी राखीव निधी पहिल्याच अंदाजपत्रकात धरा, आणि आयोग बंद झाल्यावरही तो काही वर्षं चालेल असा ठेवा. हे जमणार नसेल तर हा मार्ग धरू नका. लोकांना उघड्यावर आणून आपण निघून जाणं माफ करता येण्यासारखं नाही.

गावाचा निधी

महाराष्ट्रात ग्रामीण पाणीपुरवठ्याचा जलस्वराज्य प्रकल्प ज्यांनी जवळून पाहिला, त्यांना अफगाण कार्यक्रमाची रचना लगेच कळेल. जागतिक बँकेचा पैसा, निवडलेली समिती, १० टक्के लोकवर्गणी. तिथेही वर्गणी १० टक्केच, बहुधा श्रमाच्या किंवा साहित्याच्या रूपात. स्वयंसेवी संस्थेची माणसं गावात येत, वस्तीनिहाय मतदान घेत, स्त्रियांचा सहभाग ठरवून घेत. मग गावाचा आराखडा, खातं, काम आणि सगळ्यांसमोर हिशेब.

१० जिल्ह्यांतल्या ५०० गावांत याचं काटेकोर मोजमाप झालं. निम्म्या गावांना आधी निधी, निम्म्यांना नंतर. पिण्याचं पाणी आणि वीज यांत फरक पडला, स्त्रियांच्या सहभागाबद्दलची मतंही बदलली. सरकारबद्दलचं मत मात्र काम चालू असेपर्यंतच सुधारलेलं राहिलं, पैसा संपला की फरक विरला. गव्हाच्या मदतीच्या वाटपात तर आणखी मोलाची गोष्ट दिसली. वाटप परिषदेने करायचं असं स्पष्ट सांगितलं तिथे ते गरजूंपर्यंत जास्त पोचलं. जिथे तसं सांगितलं नाही, तिथे जुने म्होरके आणि नवी परिषद दोघेही हात मारू लागले.

परिषद निवडली, पण तिचं काम काय ते कायद्यात लिहिलंच गेलं नाही. २००४ च्या घटनेत ग्रामपरिषदांच्या निवडणुका होत्या, त्या झाल्याच नाहीत. जिल्हा परिषदांच्याही नाहीत. गावात रुजलेल्या फांदीला वर खोडच मिळालं नाही.

मग कोणता मार्ग?

सत्ताधाऱ्यांना तुमच्याकडून पुढची निदान चार-पाच वर्षं टप्प्याटप्प्याने काही हवं आहे का? कर्जमाफी, निर्बंध उठणं, बाजारपेठ? असेल तर तिजोरीपासून सुरुवात करा आणि टप्पे कराराशी बांधा. सगळं आधीच देऊन टाकलेलं असेल तर सहस्वाक्षरीचा आग्रह धरण्यात अर्थ नाही, कारण पहिल्या वादात नियंत्रक घरी जाईल.

तपासाचा मार्ग तेव्हाच, जेव्हा अभियोक्त्याच्या कार्यालयात जिवाची पर्वा न करणारी थोडी तरी माणसं आधीच आहेत आणि घटना-न्यायालय अजून ताठ उभं आहे. मुदत किमान सहा वर्षांची सलग मागा. ती संसदेच्या ठरावाने वाढावी, एकट्या राष्ट्राध्यक्षाच्या पत्राने नको. जागतिक बँकेच्या २०११ च्या जागतिक विकास अहवालानुसार सर्वांत वेगाने सुधारलेल्या २० देशांनाही भ्रष्टाचार आटोक्यात आणायला सरासरी २७ वर्षं लागली. त्यापुढे दोन वर्षांची मुदत म्हणजे दर खेपेला पहिलं वर्ष कामाचं आणि दुसरं मुदतवाढीच्या विनवणीचं.

या दोन्हींतलं काहीच जमत नसेल तर गाव. पाण्याची टाकी, शाळेची खोली, विजेची तार ही कामं नक्की होतील आणि ती लहान नाहीत. त्यातून राज्यावरचा विश्वास परत येईल असं मात्र प्रस्तावात लिहू नका. आणि पहिला हप्ता सोडण्याआधी परिषदेने कोणती कामं करायची, कोणती जुन्या पंचांकडे राहतील, याचा एका पानाचा आदेश संबंधित मंत्रालयाकडून काढून घ्या, गावच्या भाषेत, गावात लावण्यासाठी.